‘जरा’ची बरणी

टकर्स लँडिंग, मिसिसिपी
१२ जानेवारी २०२५

जॅनेल बाळा,

तुझी सहासष्ट वर्षांची मावशी पुन्हा शाळेत जायला लागली आहे. हसायचं ते आत्ताच हसून घे. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आणि शनिवारी वर्ग असतो. आम्ही अकरा जणी आहोत आणि सगळ्यांत म्हातारी मीच. शिकवायला जॅक्सनहून इमानी नावाची मुलगी येते. वयाने तुझ्याएवढी, पूर्वी नर्स होती. आपल्या काउंटीतला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला हे तुला ठाऊकच आहे. आता सगळ्यात जवळचं हॉस्पिटल बावन्न मैलांवर. गोऱ्या बायकांच्या तिप्पट आपल्या काळ्या बायका बाळंतपणात दगावतात. म्हणून गावातल्याच बायकांना डूला करायचं ठरलंय.

डूला म्हणजे सुईण नव्हे. सुईण बाळ झेलते, डूला बाईचा हात धरते. तपासायचं नाही, औषध सांगायचं नाही, बाईच्या वतीने बोलायचंही नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं, मग करायचं काय, ख्रिसमसच्या झाडासारखं कोपऱ्यात उभं राहायचं? इमानी म्हणाली, “मिस व्हर्नीस, तिचं बोलणं खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल, एवढं बघायचं.” घ्या! मासळीच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढून बहिऱ्या झालेल्या बाईला हे काम.

टेबलावर एक काचेची बरणी असते. कुणी आजारपण सांगताना ‘जरा’ म्हटलं की तिने बरणीत एक वाळका पावटा टाकायचा. आम्ही आळीपाळीने पेशंट होतो. मी पेशंट झाले आणि म्हणाले, जरा चक्कर येतेय, पोटात जरा ओढ लागतेय, जरा बघता का. एका दमात सात पावटे गेले. इमानीचं म्हणणं, आपल्या बायका डॉक्टरपुढे दुखणं सोलून सोलून लहान करून ठेवतात. मोठ्याने सांगितलं तर भांडखोर, रडून सांगितलं तर नाटकी, गोळी मागितली तर व्यसनी. म्हणून मग ‘जरा’. आणि डॉक्टर नेमका तेवढाच शब्द ऐकतो.

घरी येऊन मी बराच वेळ भांडी घासत उभी राहिले. ते असो. तुझं कसं चाललंय ते लिही. फोनवर मला फक्त खरखर ऐकू येते आणि माझ्या झाकणाच्या फोनवर निरोप वाचता वाचता डोळे जातात. तू टपाल खात्यात आहेस, तिकिटं काही महाग पडायची नाहीत.

तुझी,
व्हर्नी मावशी

&nbsp;

मिलवॉकी
२३ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र माझ्याच हाताखालून गेलं. पत्रांची वर्गवारी करायच्या टेबलावर तुझं वाकडं अक्षर दिसलं आणि मी इतकी हसले की शेजारची ग्लोरिया म्हणाली, हिला आता कळाच येणार. तू आणि गप्प बसायचं काम! त्या इमानीसाठी मी प्रार्थना करते.

मी बरी आहे. तिसाव्या आठवड्यापर्यंत काहीच त्रास नव्हता, आता पाय जरा सुजतात. दिवसभर उभं राहायचं म्हणजे सुजणारच. कॉर्डेल बस चालवून घरी आला की माझे पाय मांडीवर घेऊन बसतो आणि बॉल मॅच बघतो. पायांकडे त्याचं लक्ष असतं असं म्हणता येणार नाही.

तू पाठवलेला केक संपला. पण त्या पेटीत लोण्याची सुरी कशाला होती? कळा कापायला गादीखाली ठेवायची हे मला ठाऊक आहे, आजी ठेवायची ते तूच सांगितलंस. मी ठेवलीही. कॉर्डेलने चादर बदलताना ती बघितली आणि दोन दिवस माझ्याशी फार नम्रपणे वागत होता.

एक विचारायचं होतं. दवाखान्याच्या फॉर्मवर एक रकाना होता, आई हयात आहे का, नसल्यास कशाने गेली. मी लिहिलं, हृदय कमजोर होतं, बाळंतपण सोसलं नाही. तू मला लहानपणी सांगितलंस तेच. बरोबर आहे ना? लिहिताना हात थांबला. प्रत्येक वाढदिवसाला मेणबत्ती विझवताना मला वाटायचं की जिच्या पोटी आले तिला मीच जड झाले. हे तुला कधी बोलले नव्हते. आता पोटात पोर आहे म्हणून डोक्यात काहीही येतं.

जॅनेल

&nbsp;

टकर्स लँडिंग
२ फेब्रुवारी

जॅनेल,

फॉर्मवर लिहिलंस ते राहू दे. जुन्या गोष्टी उकरून पोटातल्या पोराला काय मिळणार आहे? आणि तू कुणाला जड झाली नाहीस. हे डोक्यातून काढून टाक, मी सांगते म्हणून.

तुझ्या पत्रात पायांच्या बाबतीत एक ‘जरा’ आहे. मी तुझ्या नावाने पावटा टाकला. आता किती सुजतात ते नीट सांग. सकाळी उठल्यावरही असतात का? तोंडावर सूज आहे का? अंगठी निघते का? दवाखान्यात बीपी किती भरलं? आकडा सांग, ‘ठीक’ हा आकडा नव्हे.

इमानीने आम्हाला एक कागद दिला आहे, तो मी फ्रिजवर लावलाय. डोकं दुखून थांबत नाही, डोळ्यांपुढे ठिपके येतात, बरगडीखाली दुखतं, धाप लागते. यातलं एक जरी असलं तरी वाट बघायची नाही. आणि तिने तीनदा सांगितलं की हे बाळ झाल्यावरही होतं, अगदी सहा आठवड्यांपर्यंत. वर्गातल्या बाकीच्या लिहून घेत होत्या. मी वही मिटून कॉफी आणायला उठले.

परीक्षा पंधरा मार्चला आहे. तुझी तारीख वीस. सोळाला मी बसने निघते. दोन उशा मावतील एवढी जागा असली तरी मला पुरेल.

व्हर्नी मावशी

&nbsp;

मिलवॉकी
१८ फेब्रुवारी

मावशी,

तू तर कोर्टातल्या वकिलासारखे प्रश्न विचारतेस. अंगठी निघत नाही, साबण लावूनही. पण ग्लोरियाचीही तिन्ही वेळा अडकली होती आणि ती अजून मला जेवणाच्या सुट्टीत छळायला जिवंत आहे.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. तासभर बसले आणि सात मिनिटं भेट झाली. बीपी जरा चढलं होतं. किती ते त्या नर्सने मोठ्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती म्हणाली, काळजी करू नका, जिने चढून आलात म्हणून असेल. मी लिफ्टने गेले होते. पण मी हसून ‘थँक यू’ म्हटलं. त्या दालनात मी एकटीच काळी होते, आणि सगळ्यांदेखत नर्सला खोटं पाडायचं मला धैर्य झालं नाही. तूच शिकवलंस ना, आवाज खाली, चेहरा गोड.

परीक्षा सोडून येऊ नकोस. तुला घरी एकटं वाटतं हे मला कळतं आणि म्हणून तुला इकडे यायची घाई झालीय. बाळ झालं की महिनाभर राहायला ये. तोवर मी बरी आहे.

जॅनेल

&nbsp;

मिलवॉकी
९ मार्च

मावशी,

मुलगी झाली. चार तारखेला, दोन आठवडे आधीच. पाच पौंड चौदा औंस. कॉर्डेलने चर्चमध्ये फोन करून निरोप ठेवला होता, तो पोचलाच असेल. शुक्रवारी घरी आलो. नाव लॉरीन ठेवलंय, आईचं. तुला आवडेल ना?

गादीखालची सुरी घरीच राहिली त्यामुळे कळा न कापलेल्या मिळाल्या. पण सगळं नीट झालं. दूध येतंय. तिला तुझी हनुवटी आहे, बिचारी.

मी जरा थकले आहे. कालपासून डोकं जरा दुखतंय, झोप नाही म्हणून. दवाखान्यात फोन केला तर नर्सबाई म्हणाल्या, गोळी घ्या आणि बाळ झोपलं की तुम्हीही झोपा. पुढच्या सोमवारी तपासणी आहेच.

परीक्षेला शुभेच्छा. पास हो, नाहीतर टकर्स लँडिंगला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

जॅनेल

&nbsp;

टकर्स लँडिंग
१२ मार्च
उद्याच पोचेल अशा टपालाने

जॅनेल,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, पण वाचून झाल्यावर बसूनही राहू नकोस.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मी ते घेऊन तशीच चर्चच्या तळघरात गेले. इमानीने तुला तीनदा फोन केला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा तू उचललास आणि म्हणालीस, मी बरी आहे, जरा डोकं दुखतंय, सोमवारी दाखवते. तिने आत्ताच जा म्हणून सांगितलं तर तू ‘हो हो’ म्हणालीस. तुझं ‘हो हो’ मला ठाऊक आहे, मी वाढवलंय तुला. आपल्या घरातली बाई कुणाच्या सांगण्याने दवाखान्यात जात नाही. म्हणून आता जे सांगते त्याने तरी जा.

तुझ्या आईचं हृदय कमजोर नव्हतं. ते मी रचलं.

लॉरीन चोवीस वर्षांची होती. दवाखान्यातून तुला घेऊन घरी आली तेव्हा ठणठणीत होती. तू सात दिवसांची झालीस त्या दिवशी तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की तिला उजेड सोसेना. आमची आई सगळ्या गावाची सुईण होती. सरकारने तिचा परवाना केव्हाच काढून घेतला होता, पण डोळे नव्हते काढून घेतले. तिने लॉरीनची पावलं बोटाने दाबून बघितली आणि म्हणाली, हिला आत्ताच्या आत्ता घेऊन जा. शेजारच्या एल्मोरने गाडी काढली. मागे आम्ही दोघी आणि तू.

रस्ताभर मी तिला पढवत होते. कारण मला त्या दवाखान्याची खिडकी माहीत होती. तिथे आवाज चढवला की बाहेर बसवून ठेवायचे. म्हणून मी म्हटलं, रडू नकोस. मॅडम म्हण. केस नीट कर. फुटतंय म्हणू नकोस, त्यांना वाटेल गोळ्या मागायला आलीस. जरा दुखतंय म्हण. माझी शहाणी बहीण, तिने तसंच म्हटलं. खिडकीतल्या बाईने लिहिलं, किरकोळ डोकेदुखी, दोन गोळ्या. घरी आलो. तू नऊ दिवसांची झालीस त्या सकाळी तिला झटका आला आणि ती गेली. उद्या तुझी पोर नऊ दिवसांची होईल.

बाळ झाल्यावरही बीपी चढतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तिचं डोकं जरा दुखत नव्हतं हे माहीत होतं. तो शब्द मी तिच्या तोंडात घातला, आणि नंतर तुला वाढवताना तुझ्याही घातला. बरणीत पावटा पडला की मला प्रत्येक वेळी तेच ऐकू येतं.

आता खालचं मोठ्याने वाच. दवाखान्यात पाठ आठवणार नाही, म्हणून हा कागद सोबत ने आणि बघून वाच.

“मला बाळ होऊन नऊ दिवस झाले. माझं डोकं सहा दिवसांपासून”—तू ‘कालपासून’ लिहिलंस, पण खरा आकडा तूच घाल—“दुखतंय आणि गोळीने थांबत नाही. माझ्या आईचा बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत असाच जीव गेला. माझं बीपी आत्ता, माझ्यासमोर घ्या. घेणार नसाल तर घेणार नाही असं माझ्या कागदांवर लिहा आणि खाली तुमचं नाव घाला.”

‘जरा’ म्हणू नकोस. ‘सॉरी’ म्हणू नकोस. त्यांना राग आला तर येऊ दे.

मी काय केलं त्याचा हिशेब तू माझ्याशी नंतर कर. त्यासाठी तू असायला हवीस.

व्हर्नी

&nbsp;

मिलवॉकी
१९ मार्च

मावशी,

मी आहे.

कॉर्डेलने तुला निरोप पोचवला हे मला कळलं, पण हे माझ्या हाताने लिहायचं होतं. सोमवारी घरी सोडलं. बीपीच्या गोळ्या चालू आहेत, घरात मशीन आणलंय, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिते. आज सकाळी १३४ वर ८४.

तुझं पत्र गुरुवारी दहा वाजता आलं. आमच्याच ऑफिसातला रे घेऊन आला. सही करायला दार उघडलं तेव्हा मला तो दोन ठिकाणी उभा दिसला. मी अंदाजाने एकाच्या कागदावर सही केली. तो म्हणाला, जॅनेल, तुझा चेहरा कसा झालाय. मी म्हटलं, जरा झोप नाही.

मग जिन्यावर बसून वाचलं. वाचायला खूप वेळ लागला, ओळी पळत होत्या. तो आकडा मी घातला. सहा नव्हे, सात. घरी यायच्या आधीच्या रात्रीपासून दुखत होतं. तुला ‘कालपासून’ लिहिलं ते खोटं होतं. परीक्षेआधी तुला घाबरवायचं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या बाईने बाळाला घेतलं आणि तिच्या मुलीने मला नेलं. खिडकीपाशी गेले आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहितेय? “माफ करा, जरा—” एवढंच. ती बाई म्हणाली, नव्या आयांची डोकी दुखतातच, बसा. मी बसलेसुद्धा. हातात तुझा कागद होता. समोर एक म्हातारी आपल्यातलीच बसली होती, डोक्यावर चर्चची टोपी. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “पोरी, तुला आणखी काहीतरी सांगायचं होतं.” मी उठले आणि सगळा कागद वाचून दाखवला, अगदी “खाली तुमचं नाव घाला” पर्यंत. आवाज इतका मोठा झाला की पहारेकरी दारातून आत आला. लोक बघत होते. मला लाजेने मेल्यासारखं झालं. पण मी खिडकी सोडली नाही.

ती बाई नाव घालायला तयार नव्हती, म्हणून तिने बीपी घेतलं. १८६ वर ११८. त्यानंतर कुणीच मला बसा म्हणालं नाही. चोवीस तास शिरेतून औषध चालू होतं, त्याने अंग भट्टीसारखं तापतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोमवारची वाट बघितली असतीत तर सोमवार उजाडला नसता.

आता दुसरं. मी तुझ्यावर चिडले आहे. जरा नाही, मावशी, खूप. मी अठ्ठावीस वर्षं माझ्या वाढदिवसाला आईची माफी मागत आले. मेणबत्ती विझवायच्या आधी मनातल्या मनात. मी जानेवारीत तुला तसं लिहिलं, तेव्हाही तू ‘डोक्यातून काढून टाक’ म्हणून मोकळी झालीस. एक वाक्य सांगितलं असतंस तर मी माझ्या बीपीचा आकडा विचारला असता. तू मला वाचवलंस आणि त्याआधी मारतही होतीस. हे दोन्ही मला एकाच वेळी कसं ठेवायचं कळत नाही.

तरी ये. परीक्षा झाली असेलच. माझा राग कमी होईल असं मी म्हणत नाही, पण तुझ्याशी भांडायचं तर तू इथे हवीस, टपालाने नीट भांडता येत नाही. आणि पोर तुझी हनुवटी घेऊन बसलीय.

फक्त यायच्या आधी एक लिहून पाठव. गाडीत तू आईला पढवायला सुरुवात केलीस, त्याच्या आधी ती स्वतः काय म्हणाली होती? तिचे शब्द. माझ्याकडे तिचा एक फोटो आहे आणि एक स्वेटर आहे. तिचं बोलणं काहीच नाही.

जॅनेल

&nbsp;

टकर्स लँडिंग
२३ मार्च

जॅनेल,

परीक्षेला मी गेले नाही. शनिवारी कॉर्डेलच्या फोनची वाट बघत चर्चच्या पायरीवर बसले होते. इमानी म्हणाली, मिस व्हर्नीस, तुमची परीक्षा झाली, कागद मी नंतर भरून घेते. मी म्हटलं, नाही, सगळ्यांसारखी देईन. तेरा एप्रिलला पुन्हा आहे. तोवर तुझ्याकडे राहायला वेळ आहे.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. माझं तुला लिहिलेलंही सांगितलं, सगळं, एल्मोरच्या गाडीसकट. मान वर करून सांगता आलं नाही, पण सांगितलं. 

तू चिडलीस ते योग्य आहे. मी उत्तर देणार नाही. येत्या शनिवारी दुपारी सव्वातीनला बस पोचते. कॉर्डेलला स्टँडवर यायला सांग, आणि मला हाका मारू नको म्हणावं, ऐकू येणार नाही, हात हलव.

तू तिचे शब्द मागितलेस. ते मी अठ्ठावीस वर्षांत कुणाला सांगितले नाहीत, आईलासुद्धा नाही. पण विसरलेही नाही. गाडी मळ्याचं वळण ओलांडून डांबरी रस्त्याला लागली तेव्हा ती म्हणाली:

“व्हर्नी, माझं डोकं फुटतंय. मला तुझं तोंड नीट दिसत नाहीये. मी मरेन गं. हिला घे, माझ्या हातातून पडेल.”

मग तुला तिने माझ्या मांडीवर दिलं, आणि दवाखाना येईपर्यंत मी तिला बोलायला शिकवत राहिले.

व्हर्नी मावशी